अमेरिकेतील अभ्यागत संशोधकांचा प्रवासखर्च व मानधन

अमेरिकेतील विद्यापीठे आणि संशोधनसंस्था व्याख्यान, चर्चासत्र, परीक्षण किंवा अल्पकालीन संशोधन यांसाठी परदेशांतील विद्वानांना निमंत्रित करतात. अशा अभ्यागतास यजमान संस्थेकडून मिळणारे पैसे दोन प्रकारचे असतात. एक, त्याने पदरचा केलेल्या खर्चाची भरपाई आणि दुसरे, त्याच्या कामाबद्दलचे मानधन. हे पैसे देता येतात की नाही, आले तर त्यांतून किती कर कापला जातो आणि ते कोणत्या निधीतून द्यावयाचे, हे अनुक्रमे स्थलांतरविषयक कायदा, प्राप्तिकर कायदा आणि अनुदानाच्या अटी यांवरून ठरते. हे तीन नियमसंच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. त्यामुळे एकाने संमत केलेली रक्कम दुसऱ्याच्या कलमात अडकू शकते. निमंत्रणपत्रात ‘आपला सर्व खर्च संस्था करील’ असे वाक्य असते. ते बहुधा प्राध्यापकाने लिहिलेले असते, पैसे मात्र संस्थेचा लेखाविभाग देतो, आणि तो या तिन्ही नियमसंचांना बांधलेला असतो.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या अभ्यागतांना लागू होणारे नियम दिले आहेत.

खर्चभरपाई आणि मानधन यांतील भेद

मानधन या मराठी शब्दात मानाचा भाग मोठा असला, तरी अमेरिकी कायदा त्यातील धनच पाहतो. व्याख्यानाबद्दल कृतज्ञता म्हणून दिलेली रक्कम असो वा ठरवून दिलेला मोबदला, दोन्ही करपात्र उत्पन्नच होत. खर्चाची भरपाई मात्र उत्पन्न मानली जात नाही. परंतु त्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात. खर्चाचा संस्थेच्या कामाशी थेट संबंध असावा, तो पुराव्यानिशी सिद्ध करावा आणि आगाऊ घेतलेल्या रकमेतून काही उरल्यास ते परत करावे. कर विभागाच्या नियमांनुसार खर्च झाल्यापासून ६० दिवसांत हिशेब दिला आणि १२० दिवसांत उरलेली रक्कम परत केली, तर ते वाजवी मुदतीत झाले असे धरले जाते. मुक्कामाच्या खर्चाला पावती नेहमीच लागते. इतर किरकोळ खर्चाला ७५ डॉलरांच्या आत कर विभाग पावती मागत नाही, पण संस्थेचा स्वतःचा नियम त्याहून कडक असू शकतो.

या भेदाचा पैशांत काय परिणाम होतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्याच्या एका संशोधिकेने १,४०० डॉलरांचे विमानतिकीट स्वतः काढले. संस्थेने ‘प्रवासासाठी’ म्हणून तिला पावत्या न मागता एकरकमी १,५०० डॉलर देऊ केले. वरवर पाहता तिला १०० डॉलर जास्तच मिळाले. परंतु पावत्यांविना दिलेली रक्कम उत्पन्न ठरते, त्यावर ३० टक्के कर मुळातच कापला जातो आणि तिच्या हाती १,०५० डॉलर पडतात. म्हणजे ३५० डॉलरांची पदरमोड. हीच रक्कम तिकीट व पावती जोडून भरपाई म्हणून मागितली असती, तर पूर्ण १,४०० डॉलर मिळाले असते. एकरकमी भत्ता सोयीचा वाटतो, पण परदेशी अभ्यागताला तो बहुधा महाग पडतो.

जेवण आणि मुक्काम यांसाठी पुष्कळ संस्था प्रत्यक्ष पावत्यांऐवजी दैनिक भत्ता देतात. त्याचे दर केंद्र सरकारची ‘जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही संस्था शहरवार ठरवते. २०२५ च्या सरकारी आर्थिक वर्षात, स्वतंत्र दर न ठरवलेल्या ठिकाणांसाठी मुक्कामाचा दर रात्रीला ११० डॉलर आणि जेवण व किरकोळ खर्चाचा दर दिवसाला ६८ डॉलर होता. प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी जेवणाच्या भत्त्याचे ७५ टक्केच धरले जातात. परिषदेत जेवण दिले गेले असल्यास तेवढा भाग वजा होतो.

आणखी एक भेद सहसा लक्षात येत नाही. व्याख्यान देण्यास आलेला पाहुणा संस्थेसाठी काम करतो, म्हणून त्याच्या खर्चाची भरपाई करमुक्त राहते. उलट एखादा विद्यार्थी स्वतःच्या शिक्षणासाठी उन्हाळी वर्गाला गेला आणि संस्थेने त्याच्या प्रवासाला साहाय्य केले, तर ती रक्कम शिष्यवृत्ती मानली जाऊ शकते. प्रवासासाठी दिलेली शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्याच्या हाती करपात्र ठरते. विद्यार्थी किंवा विनिमय व्हिसावर आलेल्याच्या बाबतीत तिच्यातून १४ टक्के कर कापतात, पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्याच्या बाबतीत ३० टक्के.

व्हिसा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार

कोणते पैसे घेता येतील हे अभ्यागत कोणत्या प्रवर्गात देशात दाखल झाला त्यावर अवलंबून असते. अल्प मुदतीच्या बहुतेक भारतीय पाहुण्यांकडे बी प्रवर्गाचा व्हिसा असतो. त्यात बी-१ हा कामकाजाच्या भेटीसाठी आणि बी-२ हा पर्यटनासाठी असतो. पारपत्रावर बहुधा दोन्हींचा मिळून एकच व्हिसा लागलेला असतो. या प्रवर्गात अमेरिकेत नोकरी करता येत नाही. १९९८ पूर्वी अशा पाहुण्यास प्रासंगिक खर्च घेता येई, मानधन घेता येत नसे. २१ ऑक्टोबर १९९८ च्या ‘अमेरिकन कॉम्पिटिटिव्हनेस अँड वर्कफोर्स इम्प्रूव्हमेंट ॲक्ट’ या कायद्याने ही अडचण दूर केली.

विद्यापीठांच्या कार्यालयांत या तरतुदीला ‘नऊ-पाच-सहाचा नियम’ म्हणतात. एका संस्थेतील शैक्षणिक कार्य नऊ दिवसांपेक्षा जास्त चालू नये आणि मागील सहा महिन्यांत पाचांहून अधिक संस्थांकडून असे पैसे घेतलेले नसावेत, असा त्याचा आशय आहे. व्याख्यान, अतिथी-अध्यापन, चर्चासत्र, समितीची बैठक ही कार्ये त्यात बसतात. पैसे देणारी संस्थाही ठरावीक वर्गातली लागते: उच्चशिक्षण संस्था, तिच्याशी संलग्न ना-नफा संस्था, ना-नफा संशोधनसंस्था किंवा सरकारी संशोधनसंस्था. कायद्याच्या शब्दरचनेत पाच संस्थांच्या मोजणीत मानधनाबरोबर खर्चाचाही उल्लेख आहे. म्हणून दोन महिन्यांच्या दौऱ्यात सात-आठ विद्यापीठांत व्याख्याने ठरवणाऱ्याने ही मोजणी आधीच करून ठेवावी लागते. सहाव्या संस्थेचा लेखाविभाग सहीसाठी जे घोषणापत्र पुढे करतो त्यात नेमके हेच विचारलेले असते.

महाराष्ट्रातील वाचकांना या नियमाच्या दोन बाजू विशेष जवळच्या वाटतील. निवृत्त प्राध्यापक मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहावयास जातात आणि तेथील विद्यापीठातून व्याख्यानाचे निमंत्रण येते. ते पर्यटक म्हणून, म्हणजे बी-२ मध्ये, दाखल झालेले असतात. १९९८ च्या तरतुदीत बी प्रवर्गाचा उल्लेख सरसकट आहे, त्यामुळे अनेक संस्था त्यांनाही मानधन देतात. काही संस्था मात्र बी-१ चाच आग्रह धरतात. दुसरी बाजू महाराष्ट्र मंडळांची. मंडळ ना-नफा तत्त्वावर चालत असले तरी ते उच्चशिक्षण वा संशोधन यांची संस्था नव्हे. म्हणून मंडळाच्या व्यासपीठावरील व्याख्यानाच्या मानधनाला या तरतुदीचा आधार मिळत नाही. विद्यापीठातील व्याख्यान आणि मंडळातील व्याख्यान श्रोत्यांना एकसारखे वाटले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती निराळी ठरतात.

प्रत्यक्षात कोणत्या प्रवर्गात प्रवेश मिळाला हे व्हिसावरून नव्हे, तर विमानतळावरील अधिकाऱ्याने केलेल्या नोंदीवरून ठरते. या नोंदीला ‘आय-९४’ म्हणतात. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात होते आणि सरकारी संकेतस्थळावरून तिची प्रत काढता येते. व्याख्यानासाठी जाणाऱ्याने अधिकाऱ्यास निमंत्रणपत्र दाखवून भेटीचा हेतू सांगितला तर बी-१ ची नोंद होते. ‘फिरायला आलो’ असे सवयीने सांगितल्यास बी-२ ची नोंद होऊ शकते, आणि पुढे लेखाविभागात त्याचा खुलासा करत बसावे लागते.

‘जे-१’ हा विनिमय अभ्यागताचा व्हिसा होय. अल्पकालीन विद्वान या उपवर्गात सहा महिन्यांपर्यंत, तर संशोधक विद्वान या उपवर्गात पाच वर्षांपर्यंत राहता येते. यात यजमान संस्था वेतन, शिष्यवृत्ती, खर्च असे सर्व काही देऊ शकते. मात्र दुसऱ्या विद्यापीठाने व्याख्यानास बोलावून मानधन देऊ केल्यास मूळ संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याचे लेखी अनुमतिपत्र व्याख्यानापूर्वीच घ्यावे लागते. ‘एच-१बी’ धारकास ज्या संस्थेने त्याचा अर्ज केला तिच्याकडूनच मोबदला घेता येतो. इतरत्र व्याख्यान दिल्यास प्रवासखर्च मिळू शकतो, मानधन नाही. प्रवर्गात न बसणारा मोबदला स्वीकारणे हा प्रवेशाच्या अटींचा भंग समजला जातो आणि त्याची झळ पुढच्या व्हिसाला लागू शकते. चारपाचशे डॉलरांच्या धनादेशासाठी हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

करकपात

अनिवासी परकीय व्यक्तीस अमेरिकेत केलेल्या कामाबद्दल पैसे देताना ३० टक्के कर कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्या संस्थेवर असते. तिने कर कापला नाही, तर तो संस्थेकडूनच वसूल केला जातो. लेखाविभागातील कर्मचारी एकेका कागदासाठी अडून बसतात त्यामागचे कारण हे आहे; त्यात पाहुण्याविषयी अविश्वास असतोच असे नाही.

भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्ली येथे झाला. त्याच्या १५ व्या कलमात शास्त्रीय, वाङ्मयीन, शैक्षणिक अशा स्वतंत्र व्यावसायिक कार्याचा समावेश आहे. भारताचा रहिवासी त्या करवर्षात अमेरिकेत एकूण ९० दिवसांपेक्षा कमी राहिला आणि तेथे त्याचे कामाचे स्थायी ठिकाण नसले, तर अशा कार्याच्या उत्पन्नावर अमेरिका कर घेत नाही. म्हणजे आठवडाभरासाठी गेलेल्या बहुतेक भारतीय व्याख्यात्यांचे मानधन अमेरिकेत करमुक्त असते.

ही सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी ‘८२३३’ क्रमांकाचा फॉर्म भरून संस्थेला द्यावा लागतो. संस्था तो स्वीकारल्यापासून पाच दिवसांत कर विभागाकडे पाठवते आणि पुढे किमान दहा दिवस थांबून मगच कर न कापता पैसे देऊ शकते. फॉर्मवर अमेरिकी करदाता क्रमांक लागतो. बी-१ वर आलेल्या पाहुण्यास सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळत नाही. त्याला ‘आयटीआयएन’ हा वैयक्तिक करदाता क्रमांक काढावा लागतो. त्याच्या अर्जासोबत मूळ पारपत्र किंवा ते देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत जोडावी लागते आणि क्रमांक येण्यास काही आठवडे लागतात. १,००० डॉलरांच्या मानधनासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा ३०० डॉलर सोडून देणे अनेकांना सोपे वाटते. करारातील सवलत अशा रीतीने कागदावर राहते.

कापलेला कर नंतर परत मागता येतो. संस्था पुढील वर्षी १५ मार्चपर्यंत ‘१०४२-एस’ हे प्रमाणपत्र देते. ते जोडून अनिवासींचे ‘१०४०-एनआर’ हे विवरणपत्र भरावयाचे असते. पण त्यालाही करदाता क्रमांक लागतोच. काही राज्यांचा कर निराळा असतो. कॅलिफोर्नियात वर्षाला १,५०० डॉलरांहून अधिक मोबदला घेणाऱ्या अनिवासीकडून सर्वसाधारणपणे ७ टक्के राज्यकर कापला जातो आणि ते राज्य केंद्र सरकारच्या करसवलतीच्या करारांना बांधील नाही.

दोन वर्षांची मर्यादा

वरील अडचणी काही शे डॉलरांच्या आहेत. दीर्घकाळ राहणाऱ्या संशोधकाच्या बाबतीत मात्र फार मोठी रक्कम पणाला लागते. भारताशी झालेल्या कराराच्या २२ व्या कलमानुसार, भारतातून अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी दोन वर्षांपेक्षा अधिक नसलेल्या कालावधीकरिता आलेल्या व्यक्तीच्या त्या कामाच्या वेतनावर अमेरिका कर आकारत नाही. संशोधन सार्वजनिक हिताचे असावे, खाजगी लाभासाठी नसावे, अशीही अट आहे. पीएच.डी. नंतरच्या संशोधनासाठी जाणाऱ्या तरुणांना ही सवलत मोलाची वाटते, आणि ती आहेही.

परंतु भेट दोन वर्षांहून लांबली, तर अमेरिकी कर विभागाच्या मते पहिल्या दिवसापासूनची सवलत रद्द होते. अनेक देशांशी झालेल्या करारांत केवळ दोन वर्षांपुढील वेतन करपात्र होते. भारताच्या बाबतीत मागील दोन वर्षांचा न भरलेला करही देय ठरतो, आणि वर व्याज. प्रयोग अपुरा राहिला म्हणून तीन महिन्यांची मुदतवाढ घेणे प्रयोगशाळेत नित्याचे असते. त्या तीन महिन्यांपायी दोन वर्षांच्या कराचा बोजा अंगावर येऊ शकतो, हे मुदतवाढ देणारा प्राध्यापक सहसा जाणत नाही. म्हणून अधिक काळ राहण्याची शक्यता दिसत असल्यास काही संशोधक ही सवलत सुरुवातीपासूनच घेत नाहीत आणि नियमित कर भरतात. तो निर्णय सावधपणाचा म्हटला पाहिजे.

याच्याशी निगडित दुसरी मोजणी निवासी-अनिवासी या दर्जाची आहे. जे-१ वरील संशोधक साधारणतः पहिली दोन कॅलेंडर वर्षे अनिवासी समजला जातो आणि तोवर त्याच्या वेतनातून सामाजिक सुरक्षा कर कापला जात नाही. येथे वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. २८ डिसेंबरला उतरलेल्या संशोधकाचे पहिले वर्ष चार दिवसांत संपते. तोच आठवडाभराने उतरला असता तर त्याला जवळजवळ पूर्ण वर्ष अधिक मिळाले असते.

विमान कंपनीची निवड

प्रवासखर्च अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानातून व्हावयाचा असेल तर १९७४ चा ‘फ्लाय अमेरिका’ कायदा लागू होतो. त्यानुसार प्रवास अमेरिकी विमान कंपनीने, किंवा तिच्या सांकेतिक क्रमांकाखाली विकलेल्या तिकिटावर, करावा लागतो. युरोपीय संघ, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि जपान यांच्याशी झालेल्या करारांमुळे तेथील कंपन्यांना काही मर्यादेत सूट आहे. भारताशी २००५ मध्ये मुक्त आकाश करार झाला असला, तरी सरकारी पैशाच्या प्रवासाची सूट त्यात नाही. त्यामुळे मुंबईहून जाणाऱ्या प्रवाशांच्या नित्य परिचयाच्या एअर इंडिया आणि आखाती देशांतील कंपन्या या निधीसाठी सामान्यतः चालत नाहीत. दुसरे तिकीट स्वस्त होते, हे कारण कायदा ग्राह्य धरत नाही. तिकीट आधी काढून नंतर हा नियम कळला तर संपूर्ण तिकिटाची भरपाई नाकारली जाऊ शकते. निधी संस्थेचा स्वतःचा किंवा खाजगी न्यासाचा असल्यास हे बंधन नसते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ‘खर्च कोणत्या निधीतून होणार’ हा प्रश्न विचारावा. तो विचारण्यात काही अनुचित नाही. केंद्रीय अनुदानातून मद्याचा खर्चही मिळत नाही. भोजनाच्या देयकात तो असल्यास वेगळा काढून दाखवावा लागतो.

भारतातील बाजू

भारतातही काही बंधने आहेत. परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या सहाव्या कलमानुसार विधिमंडळ-सदस्य, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी आणि सरकारच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील संस्थांचे कर्मचारी यांनी परदेशात परकीय आतिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्रीय गृह मंत्रालयाची अनुमती घ्यावयाची असते. परदेशी जाण्याचा प्रवासखर्च, विनामूल्य निवास व भोजन हे आतिथ्यात मोडते. अर्ज प्रवासापूर्वी किमान दोन आठवडे करणे अपेक्षित आहे. आपल्या संस्थेची रजा-मंजुरी याहून वेगळी असते.

भारतातील रहिवाशाचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असल्याने मानधन भारतीय विवरणपत्रात दाखवावे लागते. खर्चाची भरपाई उत्पन्न नसल्याने तिचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट येथे मिळते, परंतु करारानुसार अमेरिकेला जो कर घेण्याचा अधिकार आहे त्याचीच. ज्या मानधनावर करारान्वये तेथे करच नव्हता त्यातून ३० टक्के कापले गेले असतील, तर ते अमेरिकेकडूनच परत मागावे लागतात. ‘येथे वजावट मिळेलच’ असे समजून तिकडची करकपात सोडून देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पैसे हाती पडेपर्यंत

खर्चभरपाई बहुधा भेट संपल्यावर होते, कारण बोर्डिंग पास, हॉटेलचे अंतिम देयक आणि आय-९४ ची प्रत हे सारे जोडल्याशिवाय मागणीपत्र पूर्ण होत नाही. तोपर्यंत लाख-सव्वालाख रुपयांचे तिकीट अभ्यागताच्या खिशातून गेलेले असते. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला ही उसनवारी परवडते. संशोधक विद्यार्थ्याला ती कर्ज काढून करावी लागते. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे संस्थेने तिकीट स्वतःच्या प्रवाससंस्थेमार्फत परस्पर काढून देणे. बहुतेक विद्यापीठांत ही सोय असते, पण पाहुण्याने विचारल्याशिवाय ती क्वचितच पुढे केली जाते. याने निधीचा आणि विमान कंपनीचा प्रश्नही संस्थेकडेच राहतो.

रुपयांतील पावत्या जोडताना खर्चाच्या दिवसाचा विनिमय दर किंवा बँक कार्डाचे विवरण द्यावे लागते. मराठीत छापलेली टॅक्सीची पावती असल्यास तिच्यावर तारीख, अंतर आणि रक्कम इंग्रजीत लिहून द्यावी, नाहीतर ती परत येते. डॉलरांतील धनादेश भारतात वटण्यास कित्येक आठवडे लागतात आणि बँक त्यावर वसुली-शुल्क घेते. म्हणून थेट खात्यात रक्कम पाठवण्याची विनंती करणे बरे. अशी रक्कम जमा होताना भारतीय बँक रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तिचा उद्देश-संकेतांक विचारते. खर्चभरपाई आणि मानधन एकाच हस्तांतरात आले असल्यास संस्थेकडून दोन्हींचे वेगवेगळे आकडे दाखवणारे पत्र मागवून ठेवावे लागते. पुढे विवरणपत्र भरताना तोच कागद उपयोगी पडतो.